सातारा व सांगली येथील जुन्या पेठा

(१)

आमच्याकडील इतिहासलेखनाचा ओघ किल्ले, स्वाऱ्या, तहनामे व दरबारची कारस्थानें यांकडे स्वभावतःच अधिक वळला. राजधानीचा विचार करतांना आपण राजवाड्याच्या दरवाजापर्यंत जातों व तेथेंच थांबतों. त्या दरवाजासमोरून जो रस्ता निघतो, ज्याच्या दुतर्फा वाणी, कासार, सोनार, शिंपी, तांबोळी व अत्तार पिढ्यान् पिढ्या दुकानें मांडून बसले, त्या रस्त्याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक वाड्यांतील माणसांच्या अंगावरचें वस्त्र व पागेंतील घोड्यांचा दाणा ह्याच रस्त्यानें पुरविला.

पेठांसंबंधानें एक समज सर्वत्र रूढ आहे. पेठ ही गादीची सावली. गादी बसली कीं पेठ वसते आणि गादी उठली कीं पेठ ओस पडते, असा तो समज होय. रायगडावर बाजारपेठ म्हणून दाखविली जाणारी ओट्यांची दुहेरी रांग ज्यानें एकदां पाहिली, त्यास हा समज खरा वाटल्यावांचून राहणार नाहीं. १६८९ सालीं राजधानी मोंगलांच्या हातीं पडली आणि त्या ओट्यांवर आज गवत उगवतें. परंतु एका उदाहरणावरून नियम बांधणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाहीं. म्हणून ज्यांच्या गाद्या निश्चित सालीं संपुष्टांत आल्या, पण ज्यांचे बाजार आजही गजबजलेले आहेत, अशीं दोन शहरें आम्ही प्रस्तुत लेखांत विचारासाठीं घेतलीं आहेत. साताऱ्याची गादी १८४८ सालीं खालसा झाली. सांगलीचें संस्थान बरोबर शंभर वर्षांनीं, १९४८ सालीं, मुंबई प्रांतांत विलीन झालें.

(२)

प्रथम पेठ म्हणजे काय हें स्पष्ट करणें जरूर आहे. मूळ वस्तीस कसबा किंवा गांवभाग म्हणत. पाटील, कुळकर्णी व बलुतेदार हे तिचे आधार. पेठ ही त्या वस्तीस मागाहून जोडलेली, उदीमव्यापारासाठीं मुद्दाम वसविलेली वस्ती. गांवांत जें स्थान पाटलाचें, तें पेठेंत शेट्याचें. आणि जें कुळकर्ण्याचें, तें महाजनाचें. उदमी लोकांस बोलावून आणावें, वजनें-मापें पाहावीं, आपसांतील तंटे तोडावे हें शेट्याचें काम. आणि त्याबद्दल पेठेंत येणाऱ्या मालावर दोघांचाही हक्क असे.

पेठ वसवितांना सरकारांतून कौल देण्याचा प्रघात होता. नव्यानें येऊन दुकान घालणारास जागा मिळेल, ठराविक वर्षें मोहतर्फा म्हणजे धंद्यावरील कर माफ होईल, पुढें तो हळूहळू चढत्या प्रमाणानें घेतला जाईल, अशा अर्थाचें तें अभयपत्र. आमच्या मतें ह्या कौलांतच वरील समजाचें पहिलें उत्तर आहे. राजास हुकुमानें किल्ला बांधवितां येतो, हुकुमानें फौज उभी करतां येते. पण हुकुमानें वाणी आणून बसवितां येत नाहीं. तसें असतें, तर हातचा कर सोडून देण्याचें कारणच पडलें नसतें. कौलाचा कागद दिसावयास आज्ञापत्र असला, तरी त्याच्या पोटांत आर्जव आहे.

पेठ कशी जन्मास येते याचें एक उदाहरण सातारा राज्यांत अगदीं अलीकडील काळांत, भर उजेडांत घडलें आहे. महाबळेश्वरचें पठार इंग्रजांस हवापालटासाठीं हवें होतें. प्रतापसिंह महाराजांनीं १८२८-२९ च्या सुमारास तें त्यांस दिलें व मोबदला म्हणून वाईजवळचें खंडाळें गांव घेतलें. तेथें वसलेल्या पेठेस मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याचें नांव मिळालें. हीच माल्कम पेठ. पुढें पूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून आणलेले चिनी कैदी तेथें बटाटे व भाजीपाला पिकवूं लागले. जागा महाराजांची, नांव गव्हर्नराचें, श्रम कैद्यांचे. परंतु पेठ टिकली ती दर उन्हाळ्यांत घाट चढून येणाऱ्या गिऱ्हाइकावर. महाराज गेले, गव्हर्नर गेले, कैदीही गेले, पेठ आहे.

(३)

आतां साताऱ्याकडे वळूं. अजिंक्यतारा किल्ला शिवाजी महाराजांनीं १६७३ सालीं घेतला. १६९९ च्या डिसेंबरांत औरंगजेबानें त्यास वेढा घातला. १७०० च्या एप्रिलांत किल्ला त्याच्या हातीं आला व त्यानें त्यास आझमतारा हें नांव दिलें. पुढें १२ जानेवारी १७०८ रोजीं शाहू महाराजांस साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि किल्ल्याच्या पायथ्याशीं जें शहर वाढलें, त्यास शाहूनगर म्हणूं लागले. आजच्या पेठांचा पाया ह्या काळचा.

पेठांच्या नांवांची वर्गवारी केली असतां शहराची घडण पुष्कळशी उलगडते. पहिला वर्ग वारांच्या नांवांचा: सोमवारपासून रविवारपर्यंत सातही पेठा साताऱ्यास आहेत. दुसरा वर्ग पुरुषांच्या नांवांचा: यादोगोपाळ, सदाशिव, मल्हार, बसाप्पा, केसरकर. यांपैकीं बसाप्पा हें नांव उघड उघड कानडी वळणाचें आहे, आणि कर्नाटकाशीं ह्या शहराचें दळणवळण किती जुनें होतें याची तें साक्ष देतें. तिसरा वर्ग पुऱ्यांचा: चिमणपुरा, व्यंकटपुरा, राजसपुरा, रघुनाथपुरा. चौथा वर्ग आमच्या मतें सर्वांत बोलका आहे: रामाचा गोट व पंताचा गोट. गोट म्हणजे सरदाराचा तळ. दरबारास आलेल्या मंडळींचे तळ पडले, तळाचीं घरें झालीं, घरांच्या आळ्या झाल्या. आणि जेथें शिपायाचा पगार वांटला जातो, तेथें दुकान मांडावयास वाण्यास कोणी सांगावें लागत नाहीं.

१५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू महाराज कैलासवासी झाले आणि लवकरच मराठी राज्याचा सर्व कारभार पुण्यास गेला. गादी साताऱ्यासच राहिली, पण सत्ता व तिच्या पाठोपाठ सरदारांचे तळ पुण्याकडे वळले. पुण्याच्या पेठा ज्या वेगानें वाढल्या तो वेग साताऱ्यास ह्यापुढें लाभला नाहीं. येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पेठ गादीवर अवलंबून असती, तर १७४९ नंतरही साताऱ्याची वाढ पूर्ववत् चालावयास हवी होती, कारण गादी हालली नव्हती. हालले तें गिऱ्हाईक.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली व इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याच्या गादीवर नव्यानें स्थापिलें. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहानें त्यांच्या राज्याच्या मर्यादा ठरल्या. महाराजांनीं रस्ते, पाणी व विद्या यांकडे लक्ष घातलें आणि शहरास पुन्हां कळा आली. परंतु १८३९ सालीं इंग्रजांनीं त्यांस पदच्युत करून काशीस पाठविलें. तेथेंच १८४७ सालीं त्यांचा अंत झाला. त्यांचे बंधु शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजीं निवर्तले आणि दत्तक नामंजूर करून लॉर्ड डलहौसीनें राज्य खालसा केलें.

रूढ समजाप्रमाणें ह्यानंतर साताऱ्याच्या पेठांवर गवत उगवावयास पाहिजे होतें. घडलें तें निराळेंच. खालसा झाल्यास पांच वर्षें होतात न होतात तोंच, १८५३ सालीं, शहरास नगरपालिका मिळाली. जिल्ह्याची कचेरी आली, न्यायालयें आलीं, त्यांच्या मागोमाग वकील, कारकून व पक्षकार आले. शहराच्या पूर्वेस इंग्रजांची छावणी होती व तिचा सदर बाजार होता. हें नांव जेथें जेथें आढळतें, तेथें तेथें छावणी होती असें खुशाल समजावें.

शहराचा नकाशा समोर ठेवून पाहिलें असतां एक गोष्ट सहज दिसते. पश्चिमेस राजवाडा व मोती चौक. पूर्वेस पोवई नाका व त्यापलीकडे सदर बाजार. ह्या दोन टोकांना सांधणारे वरचा रस्ता व खालचा रस्ता हेच शहराचे मुख्य बाजाराचे रस्ते झाले. एका टोकास जुनें गिऱ्हाईक, दुसऱ्या टोकास नवें. आणि दुकानें दोहोंच्या मधल्या वाटेवर. वरच्या रस्त्यास आज राजपथ व खालच्यास कर्मवीर पथ म्हणतात. हें दुसरें नांवही अर्थपूर्ण आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें स्थापिलेली रयत शिक्षण संस्था १९२४ सालीं साताऱ्यास आली, आणि खेड्यापाड्यांतून येणारा विद्यार्थी हें ह्या रस्त्याचें आणखी एक गिऱ्हाईक झालें. सरदाराच्या शिपायापासून वसतिगृहाच्या विद्यार्थ्यापर्यंत दोनशें वर्षांत गिऱ्हाईक किती पालटलें! दुकान मात्र त्याच आळींत राहिलें.

(४)

नांवांवरून अनुमान काढतांना मात्र सावधगिरी पाहिजे. सोमवार पेठेंत सोमवारीं बाजार भरत असे, असें अनुमान कित्येक जण करतात. पण वारांचीं नांवें पुष्कळदां केवळ क्रम लावण्यासाठीं, किंवा जुनें नांव पुसण्यासाठीं दिलेलीं असतात. पुण्याची बुधवार पेठ औरंगजेबाच्या मुक्कामांत १७०३ सालीं मुहियाबाद या नांवानें वसली होती व वाराचें नांव तीस मागाहून मिळालें, हें सुप्रसिद्धच आहे. तेव्हां वाराच्या नांवावरून त्या वारचा बाजार सिद्ध होत नाहीं.

धंद्याच्या नांवांची गोष्ट निराळी. तीं बहुधा लोकांनींच पाडलेलीं असतात व म्हणून अधिक विश्वसनीय असतात. मात्र तीं त्या वेळच्या धंद्याची साक्ष देतात, आजच्या नव्हे. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड ह्या विद्यापीठाच्या शहरीं भर वस्तींत कॉर्नमार्केट, म्हणजे धान्यबाजार, नांवाचा रस्ता आहे. तेथें आज धान्याच्या राशी पडत नाहींत; नांव तेवढें राहिलें आहे. केंब्रिज येथील पेटी क्युरी ह्या गल्लीचें नांव तेथील जुन्या आचाऱ्यांवरून पडलें, पण ही गोष्ट तेथून जाणाऱ्या शंभरांपैकीं एकालाही ठाऊक नसेल. याच्या उलट साताऱ्याची खणआळी पाहावी. चोळीच्या खणांचें नांव धारण करणाऱ्या ह्या आळींत आजही लुगडीं, खण व लग्नाचा बस्ता घेण्यास बायामाणसें दाटी करतात. नांव व धंदा यांची इतकी दीर्घ सोबत विरळाच.

परंतु ह्याच शब्दावरून सांगलीच्या खणभागाचा अर्थ लावूं जाणें धोक्याचें होईल. खण म्हणजे चोळीचें कापड, खण म्हणजे घराचा गाळा, आणि खणणें हें क्रियापदही ह्याच रूपाचें आहे. दोन शहरांत एकच शब्द आढळला म्हणून एकच कारण मानूं नये. कागद मिळेपर्यंत निर्णय राखून ठेवावा, हा शोधनाचा पहिला धडा आहे.

(५)

सांगलीचा इतिहास साताऱ्याहून अगदीं निराळ्या तऱ्हेनें सुरू होतो. येथें किल्ल्यानें शहरास जन्म दिला नाहीं, भाऊबंदकीनें दिला. मिरजेचे पटवर्धन गंगाधरराव व त्यांचे पुतणे चिंतामणराव आप्पासाहेब यांचें पटेना. अखेर १८०१ च्या सुमारास चिंतामणराव आपला वांटा व आराध्यदैवत गणपति घेऊन मिरजेहून निघाले आणि कृष्णाकांठच्या सांगली ह्या लहानशा गांवीं त्यांनीं आपलें ठाणें केलें. गणेशदुर्ग बांधला, आणि काळ्या दगडाच्या गणपतिमंदिराचें काम १८११ च्या सुमारास आरंभून पुढें तीसएक वर्षें चालविलें. मिरजेसारखी जुनी व भरलेली बाजारपेठ अवघ्या दोन-तीन कोसांवर असतांना नव्या गांवीं व्यापारी आणून बसविणें सोपें नव्हतें. सांगलीची पेठ ही ह्या चढाओढींतून उभी राहिली.

येथील नांवेंही हीच हकीगत सांगतात. गांवभाग म्हणजे मूळचें खेडें. पेठभाग म्हणजे मागाहून वसविलेली वस्ती. दोन्ही नांवें अद्याप चालू असल्यामुळें कसबा व पेठ हा जुना भेद सांगलीइतका स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसतो. गणपति पेठ देवाच्या नांवाची. हरभट रस्ता पटवर्धन घराण्याचे मूळ पुरुष हरभट यांचें स्मरण करून देणारा. कापड पेठ, सराफ कट्टा व वखारभाग हीं नांवें धंद्यांचीं. देव, धनी व धंदा अशा तीन सत्ता ह्या एवढ्याशा भागांत शेजारी शेजारी नांदतात. चिंतामणरावांच्याच आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं येथें सीतास्वयंवराचा प्रयोग केला, हें मराठी वाचकांस सांगावयास नको.

परंतु सांगलीच्या पेठेचा खरा धनी राजा नव्हता, हळद होती. शहरालगतच्या हरिपूर गांवीं, कृष्णा व वारणा यांच्या संगमाजवळ, जमिनीचा थर असा आहे कीं त्यांत वीस ते तीस फूट खोल खणलेलीं पेवें ढांसळत नाहींत व ओलही धरीत नाहींत. त्यांत हळद भरून तोंड मातीनें लिंपून टाकलें, म्हणजे आंत वारा जात नाहीं, किडा लागत नाहीं व वर्षानुवर्षें माल जसाचा तसा राहतो. ह्याचा परिणाम व्यापारावर फार मोठा झाला. ज्याला माल सांठवितां येतो, त्याला भाव पडला असतां थांबतां येतें. आणि ज्याला थांबतां येतें, त्याच्या पेठेंत दूरदूरचा खरीददार येतो. सांगलीस पिकणाऱ्या हळदीबरोबर बाहेरची हळदही सांगलीस येऊं लागली ती ह्यामुळें. दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग मिरजेवरून गेला. त्याचा फांटा १९०७ सालीं सांगलीस आला. १९१६ सालीं सांगली बँक स्थापन झाली, आणि १९२९ सालीं कृष्णेवर आयर्विन पूल होऊन पश्चिमेकडील गाड्यांस पेठेची वाट मोकळी झाली. पेव, रूळ, बँक व पूल ह्या चार खांबांवर गणपति पेठ उभी राहिली.

(६)

८ मार्च १९४८ रोजीं सांगली संस्थान विलीन झालें. १९४९ सालीं दक्षिण सातारा नांवाचा जिल्हा निर्माण झाला व सांगली त्याचें मुख्य ठिकाण झालें. १९६० सालीं जिल्ह्यासच सांगली हें नांव मिळालें. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीं साताऱ्यास जें घडलें तेंच येथें घडलें: गादी गेली व कचेरी आली. पेठेनें गिऱ्हाईक बदललें व ती चालू राहिली.

परंतु पेठेस धक्का बसतच नाहीं असें मात्र नव्हे. तो बसतो, पण निराळ्या बाजूनें. जुन्या घाऊक पेठांतून अडत्या व खरीददार एका रुमालाखालीं हात घालून बोटांच्या खुणांनीं भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी बाजूस उभा राही व त्यास आंकडा कळत नसे. १९३९ च्या मुंबई प्रांताच्या व पुढें १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें शेतमालाचा व्यापार बाजार समितीच्या देखरेखीखालीं आला, उघड लिलाव सुरू झाले, आणि सांगलीचा घाऊक व्यापार गणपति पेठेंतून मोठ्या प्रमाणावर नव्या आवारांत गेला. २००५ च्या महापुरानें हरिपूर व सांगलवाडीच्या पेवांत पाणी शिरलें, हळदीची अतोनात हानि झाली, आणि पेवांची जागा शीतगृहें व गुदामें यांनीं घेतली. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक निर्देशनाचा मान मिळाला. पण ज्या पेवांनीं ती नांवारूपास आणली, त्यांचा काळ तोंपर्यंत संपला होता. रायगडाचे ओटे ज्या कारणानें ओस पडले, तें कारणही आतां नीट दिसेल. डोंगरमाथ्यावर दुसरें गिऱ्हाईक येण्याचा संभव नव्हता. साताऱ्यास व सांगलीस तें आलें.

यावरून आमचा निष्कर्ष असा. पेठ कोठें वसावी हें राजा ठरवितो. ती किती काळ नांदावी हें गिऱ्हाईक व मालाची वाट हीं दोन ठरवितात. गादी हें गिऱ्हाइकाचें एक रूप आहे, एकमेव नव्हे. ज्यांस हा निष्कर्ष मान्य नसेल, त्यांनीं दुसऱ्या शहरांचीं उदाहरणें पुढें आणावीं. आम्ही त्यांचें स्वागतच करूं.

(७)

आतां एक विनंति करून लेख पुरा करतों. वर जें लिहिलें आहे, तें बहुतांशीं पेठांच्या बाहेरून लिहिलें आहे: साल राजांचे, कायदे सरकारचे, नांवें रस्त्यांचीं. पेठेचें आंतलें बोलणें निराळ्याच कागदांत आहे. दुकानाच्या माळ्यावर लाल फडक्यांत बांधलेल्या रोजकीर्दी, खतावण्या, हुंड्या, पेवांच्या पावत्या, गुमास्त्यांचीं मोडी पत्रें, हे ते कागद. कोणत्या सालीं गूळ कोणत्या भावानें विकला, दुष्काळांत कोणास उधार दिलें व कोणास नाकारलें, चिपळूणचें मीठ कोणत्या बैलांच्या पाठीवर घाट चढून आलें, हें सांगणारा दुसरा साक्षीदार नाहीं. सरकारी दप्तर सांभाळावयास सरकार आहे. ह्या दप्तरांस कोणी वाली नाहीं. नातवास मोडी वाचतां येत नाहीं, म्हणून आजोबांची खतावणी रद्दीच्या भावानें जाते.

त्यांत पाण्याचें भय निराळेंच. २०१९ च्या ऑगस्टांत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी सत्तावन्न फुटांवर चढलें, व हरभट रस्ता, मारुति चौक, टिळक चौक यांवरून नावा चालल्या. दुकानांतील माल पुन्हां भरतां आला. भिजून लगदा झालेला शंभर वर्षांचा हिशेब मात्र कोणत्याही पेठेंत विकत मिळत नाहीं.

आमचें मागणें फार नाहीं. ज्यांच्या घरीं असे कागद असतील, त्यांनीं ते आम्हांस द्यावे असेंही आम्ही म्हणत नाहीं. कोरड्या जागीं, पुराच्या रेषेच्या वर ठेवावे, एखाद्या मोडी जाणणारास दाखवावे, आणि नकला करून घेण्यास परवानगी द्यावी. राजांचा इतिहास पुष्कळ लिहून झाला आहे व पुढेंही लिहिला जाईल. पण ज्या वाण्यानें कौलाच्या एका कागदावर भरंवसा ठेवून, बैलावर बिऱ्हाड घालून, अनोळखी गांवीं पहिलें दुकान उघडलें, त्याचें नांव कोठें लिहिलेलें असेल तर तें त्याच्या स्वतःच्या वहींतच असेल.